कट-ऑफच्या तक्त्यात न दिसणारे महाविद्यालय

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नीट-यूजीचा निकाल लागून राज्याच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आपल्या वृत्तपत्रासह सगळ्याच दैनिकांत एक तक्ता हमखास छापून येतो. कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयाची यादी गेल्या वर्षी कोणत्या प्रवर्गात किती गुणांवर बंद झाली, हे त्यात दिलेले असते. मी सातारा जिल्ह्यातील कोरेगावात गेली सत्तावीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो आणि या दिवसांत माझ्या दवाखान्याच्या बाकावर रुग्णांच्या बरोबरीने पालक बसलेले असतात. बहुतेकांच्या खिशात या तक्त्याचे कात्रण चौपदरी घडी घालून ठेवलेले असते. माहिती म्हणून त्या तक्त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र महाविद्यालयाची निवड करण्याचे तेच एकमेव साधन होऊन बसले आहे आणि त्यामुळे कोणते महाविद्यालय कोणत्या मुलाला मानवेल हा प्रश्न विचारलाच जात नाही, हे मला आपल्या वाचकांपुढे मांडायचे आहे.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी एसटीच्या आगारात मेकॅनिक असलेले एक परिचित गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिला उत्तम गुण मिळाले आहेत. वडिलांनी वहीच्या पानावर महाविद्यालयांची नावे कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वरच्या तिन्हीत बसतीया. पहिल्याला पहिलं टाकायचं, त्यात विचारायचं काय? पण ही म्हणती, एकदा विचारून घेऊ." मुलगी बराच वेळ गप्प होती. निघताना दारात थांबून तिने विचारले, "काका, तिथं आम्हाला पेशंटला हात लावायला मिळतो का? का लांबूनच बघायचं?"

इतक्या वर्षांत शेकडो पालकांनी मला शुल्क, वसतिगृह, 'पीजीला कुठलं बरं' आणि 'डोनेशन लागतं का' हे सारे विचारले आहे. हा प्रश्न मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच कानावर आला.

कट-ऑफ म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. गेल्या वर्षीच्या मुलांनी पसंतीक्रम भरताना कोणते नाव वर ठेवले, एवढेच तो सांगतो. आणि त्या मुलांनी ते नाव वर का ठेवले, तर त्याच्या आदल्या वर्षीचा कट-ऑफ पाहून. गर्दी पाहून गर्दी वाढते, तसाच हा प्रकार आहे. त्या महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र चांगले शिकवतात की नाही, किंवा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून वॉर्डात कोणी मन लावून केस ऐकून घेते की नाही, याबद्दल त्या आकड्यात काहीही नसते. केंद्र शासनाच्या एनआयआरएफ मानांकनात २०१८पासून वैद्यकीय महाविद्यालयांचा वेगळा गट आहे. त्यातही अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २० टक्के, समावेशकतेला १० टक्के आणि 'लोकांच्या मनातील प्रतिमा' या गोष्टीला १० टक्के असे भारांक आहेत. संशोधन महत्त्वाचे आहेच. परंतु प्राध्यापकांच्या नावावर किती शोधनिबंध आहेत, याने पहिल्या वर्षाच्या मुलाला ह्यूमरस हे दंडाचे हाड डावे की उजवे हे ओळखता येत नाही, आणि इंटर्नला, म्हणजे शेवटच्या प्रशिक्षणाच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला, टाका घालू दिला जातो का, हे तर त्या मानांकनात कोठेच विचारलेले नाही.

दुसरी गोष्ट पालकांना सांगितली की त्यांना खरी वाटत नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८मध्ये स्थापन झाले, तेव्हापासून राज्यातील अभिमत विद्यापीठे आणि एम्ससारख्या स्वायत्त संस्था वगळता सर्व वैद्यकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि पदवी एकच आहे. मुंबईत शिकलेल्याच्या आणि अंबाजोगाईत शिकलेल्याच्या एमबीबीएस प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव तेच असते. पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर होतो आणि त्या परीक्षेच्या संगणकाला तुमचे महाविद्यालय कोणते, याच्याशी काही देणेघेणे नसते. राहिला रुग्णांचा प्रश्न. माझ्या रुग्णांनी मला माझे मूळ गाव, आडनावाचे मूळ आणि तपासणीची फी हे सर्व विचारले आहे, पण तुम्ही कुठल्या कॉलेजचे, हे आजवर कोणीही विचारलेले नाही.

याचा अर्थ सर्व महाविद्यालये सारखीच आहेत असा मात्र नव्हे. किंबहुना त्यांच्यातील फरक फार मोठे आहेत. ते तक्त्यात दिसत नाहीत, एवढेच. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि केईएम रुग्णालयाचे उदाहरण घ्या. १९२६मध्ये ते सुरू झाले, तेव्हा तेथे सर्व अध्यापक भारतीयच असावेत अशी देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती. इंग्रज अधिकारी-डॉक्टरांची मक्तेदारी असण्याच्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. आज त्या रुग्णालयात वर्षाला सुमारे १८ लाख बाह्यरुग्ण आणि सुमारे ८५ हजार आंतररुग्ण येतात. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८४५ची आहे. पुण्याचे बैरामजी जीजीभॉय महाविद्यालय १९४६मध्ये सुरू झाले आणि ससूनसारखे रुग्णालय त्याच्या पाठीशी आहे. अशा रुग्णालयात जुलै महिन्यात उभे राहिले की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि कावीळ यांचे रुग्ण एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. पुस्तकातील पन्नास पाने वाचून जे कळत नाही, ते तेथे एका आठवड्यात नजरेला कळते. दुर्मीळ आजार ओळखण्याची जी काही दृष्टी माझ्याकडे आहे, ती अशाच एका रुग्णालयाची देणगी आहे. (रुग्णांना 'क्लिनिकल मटेरियल' म्हणण्याची आम्हा डॉक्टरांची सवय मात्र मला तेव्हाही खटकत असे आणि आजही खटकते.)

आता थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण या पत्रामागचे खरे कारण तेच आहे. १९८८मध्ये बारावीच्या गुणांवर मला मुंबईतील एका नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्या संस्थेने माझे वाईट केले असे मला म्हणायचे नाही. तेव्हा राज्यात ७०:३० चे सूत्र होते, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील मुलांसाठी असत. त्या सूत्रातून मला ती जागा मिळाली. ग्रामपंचायतीपुढे सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली आणि वडिलांनी पहिल्यांदाच टोपीला कडक इस्त्री करून घेतली. मुलाला मुंबईचे हे कॉलेज मानवेल का, असे त्या मांडवात कोणी विचारले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. मला स्वतःला तरी तो प्रश्न कोठे सुचला होता?

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या दालनात, आम्ही दोनशेच्या आसपास विद्यार्थी होतो. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत, टेबलाभोवती दोन रांगा होत आणि मी कायम मागच्या रांगेत असे. पुढच्या रांगेतली मुले इंग्रजी शाळांतून आलेली आणि धिटाईने प्रश्न विचारणारी होती. मला उत्तरे येत नव्हती असे नाही. ब्रॅकियल प्लेक्ससची, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची, आकृती मी खोलीवर डोळे मिटून काढत असे. परंतु तोंडी परीक्षेत सरांनी ती बोलायला सांगितली, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. वसतिगृहाच्या तिघांच्या खोलीत आम्ही पाचजण राहत होतो. कोणी मला त्रास दिला नाही, कोणी हिणवले नाही. मी तेथे आहे हेच कोणाच्या लक्षात आले नाही. पहिल्या परीक्षेत अ‍ॅनॅटमीला उडालो.

त्यानंतरच्या सहा महिन्यांनी मात्र माझे आयुष्य बदलले. नापास झालेल्या आम्हा अठराजणांची वेगळी ऑड बॅच झाली. एक तरुण डेमॉन्स्ट्रेटर (कनिष्ठ अध्यापक) संध्याकाळी पाचनंतर हाडांची पेटी टेबलावर ओतून आमच्याबरोबर बसत. अठरांतल्या प्रत्येकाला रोज एकदा तरी बोलावेच लागे. तीच इमारत, तेच टेबल आणि तोच मी. पण तेथे मला बोलता येऊ लागले. आपल्याला लहान वर्ग लागतो, हे मला नापास झाल्यानंतर कळले. हे जर आधी कळले असते, तर मी अर्ज भरताना काय केले असते, याचा विचार मी आजही कधीतरी करतो.

पुढे वॉर्डात गेल्यावर गर्दीचा आणखी एक पैलू दिसला. मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाची झडप अरुंद होण्याच्या आजाराची) एक रुग्ण दाखल झाली की वार्ता पसरायची आणि तिच्या खाटेभोवती विद्यार्थ्यांची रांग लागायची. पहिले दोन-तीन जण नीट ऐकून घेत. माझा नंबर लागला तेव्हा ती बाई थकली होती. तिने पदर सावरून घेतला आणि म्हणाली, "बाळा, आता पुरे कर रे." मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि मागे झालो. तो मर्मर, म्हणजे त्या आजारातला हृदयाचा वेगळा आवाज, मी नंतर एका रात्री कॅज्युअल्टीत, सगळे झोपले असताना, दुसऱ्या एका रुग्णाच्या छातीवर ऐकला. मोठ्या रुग्णालयात शिकायला मिळते हे खरे आहे, पण तेथे बहुतेक कामे निवासी डॉक्टर करतात. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःची जागा स्वतःच काढून घ्यावी लागते. रात्री जागून, कोपराने वाट काढून, वॉर्डबॉयपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांशी सलगी करून. काही मुलांच्या स्वभावात हे उपजतच असते, तर काहींना ते पाच वर्षांत साधत नाही.

माझे निभावले, त्याचे एक कारण असे की तेव्हा फर्स्ट एमबीबीएस दीड वर्षाचे होते. रुळायला वेळ मिळत असे. आता पहिले वर्ष खरोखरच एका वर्षाचे झाले आहे आणि प्रवेशफेऱ्या लांबल्या की तेही अपुरे पडते. २०२३च्या नियमावलीप्रमाणे पहिल्या वर्षाची परीक्षा चारच प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावी लागते, संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो आणि त्याच नियमावलीने एका महाविद्यालयातून दुसऱ्यात बदलीही बंद केली. म्हणजे साडेपाच वर्षांचे घर आपण एका तक्त्यावरून ठरवतो आणि ते मानवले नाही तर बदलणेही सोपे नसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचा अहवाल दिला. त्यासाठीच्या सर्वेक्षणात पदवी स्तरावरील चौघांमागे एकाहून अधिक विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचे नोंदवले होते. याचा सगळा दोष चुकीच्या निवडीवर टाकता येणार नाही. परंतु ज्या घरात मुलाला 'एवढं मोठं कॉलेज मिळालंय, तुला आणखी काय हवंय?' असे ऐकवले जाते, तेथे तो आपली अडचण सांगणार तरी कोणाला?

लहान महाविद्यालयांविषयीही स्वप्नरंजन नको. माझे एक समव्यवसायी मित्र लहान शहरातील शासकीय महाविद्यालयात शिकले. इंटर्नशिपमध्ये त्यांनी स्वतःच्या हातांनी इतक्या प्रसूती केल्या की पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर त्यांना पहिल्या रात्रीही भीती वाटली नाही. मला वाटली होती. उलट काही दुर्मीळ आजार त्यांनी विद्यार्थिदशेत एकदाही पाहिले नव्हते. आजही आम्ही एखाद्या रुग्णाविषयी बोलतो, तेव्हा मला आजाराचे नाव आधी सुचते आणि त्यांचा हात आधी कामाला लागतो. शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते, अन्यथा १० लाख रुपये दंड भरावा लागतो. त्या वर्षात गाठ बहुधा लहान रुग्णालयाशीच पडते, आणि तेथे नावांपेक्षा हात उपयोगी पडतो.

तरीही लहान आणि नवीन यांत फरक करायला हवा. मिरजेचे महाविद्यालय १९६२चे, सोलापूरचे १९६३चे; त्यांच्या वॉर्डांना आता परंपरा आहे. आमच्या साताऱ्याचे शासकीय महाविद्यालय गेल्या काही वर्षांतलेच आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये तर जालना, हिंगोली, वाशीम, गडचिरोली, बुलढाणा, भंडारा अशा ठिकाणी एकदम दहा शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. जिल्ह्यांना त्यांची गरज होती यात शंका नाही आणि घराजवळ राहून डॉक्टर होण्याची संधी फार मोलाची आहे. पण नव्या महाविद्यालयात विद्यार्थी कमी असले म्हणजे प्रत्येकाकडे लक्ष दिले जाईलच असे नाही. लक्ष द्यायला अध्यापक जागेवर असावे लागतात. किती पदे भरली आहेत, त्यांतली कायम किती आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले आहेत का, हे तेथे जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. खासगी महाविद्यालयांच्या बाबतीत यापेक्षाही साधा प्रश्न विचारावा लागतो: खाटांवर रुग्ण आहेत का? दुपारी बारा वाजता वॉर्डातून एक फेरी मारली की उत्तर मिळते. शिवाय शुल्कासाठी जमीन विकावी लागणार असेल, तर तो ताण मुलाच्या दप्तरात पहिल्या दिवसापासून बसतो. हाही 'मानवण्या'चाच भाग आहे.

राज्यात काही संस्था अशा आहेत की त्यांना कसा विद्यार्थी हवा, हे त्या लपवून ठेवत नाहीत. सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थान हे त्यांपैकी एक. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी ते उभे केले. नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला आश्रमात राहावे लागते, खादी वापरावी लागते, श्रमदान आणि सर्वधर्म प्रार्थना असते आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथील कुटुंबांच्या घरी जात राहते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम अलीकडे सगळ्यांच्याच अभ्यासक्रमात आणला. सेवाग्रामात तो कित्येक दशके चालू आहे. पूर्वी तेथील स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची प्रश्नपत्रिकाही असे. आता प्रवेश नीटवर होतो, त्यामुळे तेथे काय आहे हे न वाचताच केवळ गुण बसतात म्हणून जाणारी मुलेही असतात. खादी नको असणाऱ्याला ती साडेपाच वर्षे टोचणार, आणि ज्याला त्या जगण्याची ओढ आहे त्याला मुंबईच्या कोणत्याही महाविद्यालयात ते मिळणार नाही.

दुसरे उदाहरण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे. १९४८पासूनच्या या संस्थेत नीटच्या गुणांनंतर वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. पदवीनंतर लष्करी सेवा बंधनकारक असते. 'शिक्षण फुकट, वर नोकरीची हमी' एवढेच ऐकून पालक हरखतात. आमच्या भागातील एक अबोल, अंगाने किरकोळ मुलगा तेथे निघाला, तेव्हा मी त्याच्या वडिलांना दोनदा विचार करायला सांगितले होते. माझा अंदाज साफ चुकला. पहाटेची शिस्त, ठरलेला दिनक्रम आणि गणवेश यांत तो असा खुलला की पुढच्या दिवाळीत मला तो ओळखू आला नाही. कोणाला काय मानवेल, हे बाहेरून सांगणाऱ्याने फार आत्मविश्वासाने सांगू नये, हे मी तेव्हा शिकलो. तरी पुढे विसरलो, ते सांगतोच.

भाषेचा मुद्दा थोडक्यात मांडतो. अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांमधून परराज्यातील मोठ्या संस्थेत जाण्याचा मोह अनेकांना होतो. तेथील शिक्षण उत्तमच असेल. पण रुग्णाची हकिकत घेणे हा वैद्यकाचा पाया आहे, आणि 'छातीत भरून येतंय', 'पायाला मुंग्या येतात', 'अंगात कसकस आहे', 'पोटात कळ उठते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते' यांतला प्रत्येक शब्द वेगळे निदान सुचवत असतो. तमिळ किंवा बंगाली रुग्णाच्या खाटेशी उभे राहून हे समजून घ्यायला वर्ष-दीड वर्ष जाते. काही मुले ती भाषा हौसेने शिकतात. ज्याला तशी हौस नाही, तो दुभाष्यामागे उभा राहूनच डॉक्टर होतो.

आता त्या मुलीकडे येतो. मी तिला सांगितले की तक्ता बाजूला ठेव आणि वरच्या तीनपैकी दोन ठिकाणी तरी स्वतः जाऊन ये. अधिष्ठात्यांच्या कार्यालयात जाऊ नकोस. ओपीडीच्या बाहेर बाकावर बस, एका खाटेभोवती किती विद्यार्थी उभे आहेत ते मोज, मेसमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि मागच्या वेळी पहिल्या वर्षात किती जण उडाले ते विचार. खरे सांगायचे तर, तिने लहान महाविद्यालय निवडावे असे मला मनातून वाटत होते. मराठी माध्यम, कमी बोलणे, तालुक्याचे गाव, हे सगळे पाहून मी तिच्यात स्वतःलाच पाहत होतो.

बाप-लेक एसटीच्या पासवर दोन्हीकडे जाऊन आले. तिने एक पान भरून टिपणे आणली. मुंबईत एका खाटेभोवती अकराजण होते. वसतिगृहात गर्दी होती. एका इंटर्न मुलीने तिला सांगितले होते की पहिल्या महिन्यातच तिने इतक्या आयव्ही लाइन (सलाइनसाठी शिरेत सुई) घातल्या की मोजायचे सोडून दिले, आणि दिवसा हात लावायला मिळत नसेल तर रात्री कॅज्युअल्टीत यायचे. दुसऱ्या ठिकाणी खाटेभोवती चौघेच होते आणि एक मॅडम स्टुलावर बसून शांतपणे शिकवत होत्या. मी म्हणालो, "म्हणजे उत्तर मिळालं की तुला." ती म्हणाली, "हो काका, मुंबई पहिली टाकते." माझा चेहरा पाहून तिने खुलासा केला, "आमची खोली आगाराच्या भिंतीला लागून आहे. मी बारावीचा अभ्यास गाड्यांच्या आवाजात केलाय. शांत ठिकाणी मला झोप येते. आणि रात्री जागायचं मला काही वाटत नाही."

वडिलांच्या वहीच्या पानावर जे नाव पहिले होते, तेच तिच्या अर्जातही पहिले आहे. पण वडिलांनी ते गुण पाहून लिहिले होते आणि तिने खाटेभोवतीचे विद्यार्थी मोजून.

प्रत्येक पालकाला असे जाऊन येणे परवडत नाही. दोघांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब मला ठाऊक आहे. ७०:३० चे सूत्र २०२०मध्ये रद्द झाल्यापासून तर बीडच्या मुलीला मुंबई आणि कोकणातल्या मुलाला नागपूर असे पर्याय खुले झाले आहेत आणि अंतरे वाढली आहेत. म्हणून आपल्याला आणि आपल्यामार्फत राज्याच्या सीईटी कक्षाला माझी विनंती आहे. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत महाविद्यालयाचे नाव, प्रवेशक्षमता आणि शुल्क असते. त्याच ओळीत आणखी चार रकाने जोडावेत: खाटा किती व त्यांतल्या सरासरी किती भरलेल्या असतात, वसतिगृहात खरोखर किती जणांची सोय आहे, अध्यापकांची किती पदे रिक्त आहेत आणि गेल्या वर्षी पहिल्या प्रयत्नात पहिले वर्ष किती जण उत्तीर्ण झाले. ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या दप्तरी असतेच. आपल्या वृत्तपत्रानेही पुढच्या वर्षीच्या तक्त्यात गुणांच्या शेजारी निदान शेवटचा रकाना छापावा.

पत्र लांबले आहे. जागेअभावी कात्री लावायची असेल तर माझ्या नापास होण्याची हकिकत ठेवून बाकीचे काहीही कापावे.

आपला,
एक वैद्यकीय व्यावसायिक,
कोरेगाव, जि. सातारा